अस्खलित संहिता आणि वाङ्मयप्रकाराचा प्रश्न

पवित्र शास्त्र अस्खलित आहे की नाही, हा ख्रिस्ती पंडितांमधील वाद बहुधा तपशिलांचा वाद म्हणून मांडला जातो. हॅरॉल्ड लिंडसेल यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात चारही शुभवर्तमानांतील वृत्तांत जुळवून घेताना पेत्राच्या नकारांची संख्या तीनवरून सहावर नेली. चारांपैकी एकाचेही विधान खोटे पडू नये म्हणून, त्यांपैकी एकातही नसलेले पाचवे कथन रचावे लागले! हा प्रकार विनोदी वाटला तरी त्यामागील गृहीतक महत्त्वाचे आहे. कथनाचे सत्य म्हणजे घडलेल्या घटनेशी त्याचा तंतोतंत मेळ, हे ते गृहीतक होय.

सिद्धान्ताच्या पातळीवर मात्र अस्खलिततावादी इतके भाबडे नव्हते. हॉज आणि वॉरफिल्ड यांनी १८८१ मध्येच अस्खलिततेचा दावा मूळ हस्तलिखितांपुरता सीमित केला. ती आज उपलब्ध नसल्यामुळे दावा सुरक्षित झाला आणि तितकाच अमूर्तही. १९७८ च्या शिकागो निवेदनाने एक पाऊल पुढे टाकले. अतिशयोक्ती, ढोबळ आकडे, विषयानुसार केलेली मांडणी यांना स्खलन समजू नये, शास्त्राला त्याच्या हेतूशी विसंगत असे निकष लावू नयेत, वाङ्मयरूपांची दखल घेऊनच अर्थ लावावा, असे त्यात नमूद आहे. याचा अर्थ असा की, विधान खरे की खोटे हे ठरवण्याआधी ते कोणत्या प्रकारचे विधान आहे हे ठरवावे लागते, ही गोष्ट तत्त्वतः मान्य झाली होती. या मान्यतेची किंमत कळायला पाच वर्षे लागली.

रॉबर्ट गुंड्री यांचे मत्तयावरील भाष्य १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. मत्तय हा यहुदी मिद्राशच्या रीतीने लिहितो, पूर्वपरंपरेतील सामग्रीला नवे रूप देतो, असे त्यांचे प्रतिपादन. लूककडील मेंढपाळांचे मत्तयात मागी लोक झाले. मंदिरात अर्पण करावयाच्या पक्ष्यांच्या जोडीचे रूपांतर हेरोदाने केलेल्या बालहत्येत झाले. गुंड्री यांच्या मते हे मत्तयाचे स्खलन नव्हे. त्याला इतिहास सांगावयाचाच नव्हता, आणि त्याच्या वाचकांनाही हे ठाऊक होते. मिद्राशचा हा दावा पुराव्यानिशी सिद्ध होत नाही, अशी टीका डग्लस मू यांच्यासारख्या अभ्यासकांनी केली, आणि ती वजनदार आहे. मत्तयासमोर लूकचीच परंपरा होती, हे गुंड्री यांच्या वाचनातील सर्वांत कच्चे गृहीत म्हणावे लागेल.

परंतु वाद अभ्यासकांच्या टीकेवर थांबला नाही. इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीच्या डिसेंबर १९८३ च्या अधिवेशनात ११६ विरुद्ध ४१ मतांनी गुंड्री यांना राजीनामा देण्यास सांगण्यात आले, आणि त्यांनी तो दिला. मूळ हस्तलिखिते अस्खलित आहेत, या संस्थेच्या प्रतिज्ञेवर ते प्रामाणिकपणे स्वाक्षरी करीत होते. लेखकाचा हेतू हाच अर्थाचा आधार, हे त्यांच्या विरोधकांचेच तत्त्व त्यांनी शेवटपर्यंत नेले होते. संहितेत स्खलन आहे, असे त्यांनी कुठेही म्हटले नव्हते. त्यांचा अपराध वाचनाचा होता. वाङ्मयप्रकार संहितेत नसून वाचकसमूहाच्या संकेतांत असतो, हे स्टॅन्ली फिश यांचे म्हणणे नाकारणाऱ्या समूहानेच मतदानाने एका संहितेचा वाङ्मयप्रकार निश्चित केला.

तरीही विरोधकांची भीती पोकळ म्हणून झटकता येत नाही. प्रत्येक अडचणीच्या जागी 'येथे प्रकार वेगळा आहे' असे म्हणता आले, तर 'अस्खलित' या शब्दाने काही नाकारलेच जात नाही. आणि बालहत्येला लागलेला न्याय उद्या रिकाम्या कबरीलाही लागू शकतो. पूर्वमीमांसकांपुढे ही अडचण या रूपात उभी राहत नाही. प्रजापतीने स्वतःची वपा काढून अग्नीत टाकली, हे वाक्य अर्थवाद ठरवून त्यांना वेदप्रामाण्य अबाधित राखता येते, कारण ते प्रामाण्य मुळात विधीवर उभे आहे. ख्रिस्ती श्रद्धा घडलेल्या घटनेवर उभी आहे. तिच्या लेखी कथनाला केवळ स्तुतिपर ठरवणे ही साधी सोय असू शकत नाही. म्हणूनच १९८२ च्या दुसऱ्या शिकागो निवेदनाने, स्वतःला वस्तुस्थिती म्हणून सादर करणाऱ्या कथनांवर ऐतिहासिकता नाकारणारे वाङ्मयप्रकार लादू नयेत, असे कलम घातले. परंतु कथन स्वतःला कशा रूपात 'सादर करते' हाच तर वादाचा मुद्दा होता. जे सिद्ध करावयाचे तेच या कलमाने गृहीत धरले.

२०१० मध्ये मायकेल लिकोना यांनी येशूच्या पुनरुत्थानाचे ऐतिहासिक समर्थन करणारा ग्रंथ लिहिला आणि त्यातच, वधस्तंभाच्या प्रसंगी थडग्यांतून उठलेल्या पवित्र जनांचा मत्तयातील उल्लेख काव्यात्म असावा, असे सुचवले. गुंड्रींविरुद्धच्या मोहिमेत अग्रभागी असलेले नॉर्मन गाइस्लर पुन्हा पुढे सरसावले आणि जुन्याच वादाची पुनरावृत्ती झाली.

गुंड्री यांनी आपली भूमिका सोडली नाही. त्यांच्या भाष्याची दुसरी आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. पहिल्या आवृत्तीच्या उपशीर्षकात मत्तयाच्या वाङ्मयीन आणि ईश्वरशास्त्रीय कलेचा उल्लेख होता. दुसरीच्या उपशीर्षकात मत्तयाचा ग्रंथ ही छळाखालील संमिश्र मंडळीसाठी लिहिलेली मार्गदर्शिका झाली. 'वाङ्मयीन' हा शब्द तेथून गळाला.