नामवंत राजकन्या आणि निनावी विक्रेती : एलिझाबेथ येरिखाऊ-बाउमान यांच्या एका प्राच्यवादी तैलचित्राची चिकित्सा

प्रस्तावना

एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथामुळे युरोपीय कलेतील पूर्वेच्या चित्रणाची सत्तासंबंधांच्या अंगाने चिकित्सा सुरू झाली. लिंडा नॉकलिन यांनी १९८३ मध्ये ती प्राच्यवादी चित्रकलेला लागू केली. मात्र या चर्चेत चित्रकार हा पुरुषच गृहीत धरला जाई. रीना लुईस आणि मेरी रॉबर्ट्‌स यांच्या अभ्यासांनी ही उणीव दूर केली. परंतु स्त्री चित्रकाराची दृष्टी स्त्री असल्यामुळेच निराळी ठरते काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

विवेचन

एलिझाबेथ येरिखाऊ-बाउमान (१८१९–१८८१) यांचा जन्म वॉर्सा येथे झाला. त्यांचे कलाशिक्षण ड्युसेलडॉर्फ येथे झाले आणि पुढे त्या डेन्मार्कमध्ये स्थायिक झाल्या. १८६९-७० आणि १८७४-७५ मध्ये त्यांनी ऑटोमन साम्राज्य व इजिप्त येथे प्रवास केला. पुरुष चित्रकारांना बंद असलेला जनानखाना त्यांना खुला झाला. तेथे मुस्तफा फाझिल पाशांची कन्या नाझली हिची त्यांनी चित्रे केली. परंतु या प्रतिष्ठित स्त्रियांना पॅरिसच्या फॅशनचे पोशाख हवे असत आणि चित्रकर्तीला हवी असे 'पूर्व'. जनानखान्यात चित्रकर्ती ही पाहुणी होती. यजमाणिनीची इच्छा तिला डावलता येत नव्हती.

'गिझा येथील मडकी विकणारी इजिप्शियन स्त्री' (१८७६–७८) या कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील चित्रात असा अडसर नाही. मडक्यांच्या सान्निध्यात रेललेली, दागिने ल्यालेली, काजळ घातलेल्या डोळ्यांनी थेट प्रेक्षकाकडे पाहणारी ही स्त्री प्रथमदर्शनी निर्भीड भासते. तथापि तिचे रेलणे जनानखान्याच्या कल्पनाचित्रांतून आलेले आहे, श्रमातून नव्हे. मडकी येथे विक्रीचा माल न राहता देहाच्या मांडणीचे साहित्य बनतात. थेट नजर म्हणजे स्वायत्तता, हे समीकरण म्हणूनच अपुरे पडते.

याच चित्रकर्तीने १८५५ मध्ये ग्रिम बंधूंचे व्यक्तिचित्र केले. तेथे शीर्षकात नाव आहे. नाझलीलाही नाव आहे. पुढे कैरोतील तिच्या बैठकीस कासिम अमीन यांच्यासारखे सुधारक येत. स्वतःविषयी बोलण्याचे सामर्थ्य तिच्यापाशी होते. मडकी विकणारीला मात्र केवळ व्यवसाय आहे आणि तोही चित्रात गौण ठरतो. येथील विरोधाभास लक्षणीय आहे. चित्रे विकून कुटुंबाचा भार वाहणारी एक कष्टकरी स्त्री दुसऱ्या कष्टकरी स्त्रीसमोर उभी होती. तरीही तिने रंगविले ते सौंदर्य, कष्ट नव्हेत.

निष्कर्ष

स्त्री चित्रकाराला मिळालेला प्रवेश तिच्या दृष्टीला आपोआप मुक्त करीत नाही. चित्रविषय झालेल्या स्त्रीपाशी नकार देण्याची सामाजिक शक्ती असते, तेव्हाच प्राच्यवादी साचा डळमळतो. म्हणून अशा चित्रांच्या अभ्यासात लिंगभावाबरोबर वर्गाचा विचारही अनिवार्य ठरतो.