जवाब ऐनवेळचा हवा

आपला आवडता संच डोळ्यांसमोर घाम गाळत वाजवताना बघायचा, त्यासाठी लांबवर जायचं आणि परतताना दुसऱ्या संचाच्या माणसांशी वाद घालायचा, ही हौस शहरातल्या पोरांना रॉक बँडने लावली. रत्नागिरीत ती शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबी नाच-गाण्याने कधीच लावून ठेवली आहे. गणपतीत गावोगाव जाखडी, म्हणजे यातला नाच, उभी राहते, पण खरी कसोटी दोन संचांच्या सामन्यात. शक्तीवाले प्रकृतीला थोर मानणार, तुरेवाले पुरुषाला. गण-गवळण झाली की शाहीर पुराणातला एखादा सवाल टाकतो आणि समोरच्याने त्याच मंचावर, त्याच रात्री, गाण्यातच जवाब द्यायचा.

वरवर पाहता या कलेचं बरं चाललंय. मंडळं भरपूर, पोशाख झगझगीत, ढोलकीच्या जोडीला ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड, यूट्यूबवर बाऱ्यांचा, म्हणजे अशा सामन्यांचा, ढीग. वाद्यं बदलली याचं मला दुःख नाही. झांजेच्या ठेक्यावर ऑक्टोपॅड नीट वाजवला तर खुलतो. पण पूर्वी नाचणारे वाजवणाऱ्यांभोवती रिंगण धरायचे. मधे बसलेला ढोलकीवाला आणि पायांतले चाळ एकमेकांचं ऐकत लय चढवत न्यायचे. मंचावर ते रिंगण उलगडलं, प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या रांगा झाल्या. शाहिराचंही तेच झालं. चालू सिनेगीताच्या चालीवर बसवलेलं, घरूनच पाठ करून आणलेलं गाणं जवाब म्हणून येतं. सवाल काय होता, याच्याशी त्याचं नातं असेलच असं नाही. टोमण्यावर टाळ्या पडतात, म्हणून टोमणे लांबतात.

घड्याळानेही यात हात घातला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. मुंबईच्या रंगभवनातल्या रॉक मैफली शांतता क्षेत्रामुळे थांबल्या, आणि इकडे पहाटेपर्यंत चढणारी बारी आक्रसली. नियम रास्तच आहे, आजाऱ्याला झोप हवी. पण थोड्या वेळात सगळं उरकायचं म्हटल्यावर आधी जातो तो शाहिराचा विचार करायचा अवकाश. त्यात संचातली पुष्कळ माणसं मुंबईत नोकरी करणारी चाकरमानी. नमन आणि शक्ती-तुऱ्यासाठी त्यांना मुंबईत हक्काचं असलेलं परळचं दामोदर नाट्यगृह, १९२२ सालचं, २०२३च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं.

एवढं असूनही एखादा तरुण शाहीर कागद बाजूला ठेवतो, ढोलकीवाल्याला नजरेनेच लय धरायला लावतो आणि समोरच्याचाच शब्द उचलून त्याच्यावर उलटवतो. तेव्हा म्हातारी माणसंही खुर्च्यांतून उठतात. ही ताकद गावात आहे, तिला मान मिळत नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांनी निम्मे गुण ऐनवेळच्या जवाबाला ठेवावेत आणि सवालाचा विषय मंचावरच चिठ्ठीने काढावा. आमच्या रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात असा एक सामना लावा. तिकिटासाठी रांगेत मी पहिला असेन.