टायटॅनियम मिश्रधातूंचा अभ्यास : एका ग्रंथाचे मूल्यमापन

वायू टर्बाइन इंजिनात टायटॅनियमला लाभलेले स्थान केवळ त्याच्या हलकेपणामुळे नाही. शुद्ध टायटॅनियमची स्फटिकरचना ८८२ अंश सेल्सिअसला बदलते. या बदलावर नियंत्रण ठेवूनच मिश्रधातूचे गुणधर्म घडविले जातात. भाभा अणुसंशोधन केंद्रातील श्रीकुमार बॅनर्जी व प्रदीप मुखोपाध्याय यांचा ‘फेज ट्रान्सफॉर्मेशन्स : एक्झाम्पल्स फ्रॉम टायटॅनियम अँड झिर्कोनियम अलॉइज’ (२००७) हा ग्रंथ याच सूत्रावर उभा आहे.

अणुभट्टीतील झिर्कोनियम व विमानातील टायटॅनियम हे एकाच गणातील धातू असल्याने त्यांचा एकत्रित विचार करणे, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. लेखक मिश्रधातूंची यादी देत नाहीत. मार्टेन्साइटी, ओमेगा व विसरणजन्य अशा रूपांतरणांच्या प्रकारांनुसार विवेचन करतात. त्यामुळे ६ टक्के अॅल्युमिनियम अल्फा प्रावस्थेला आणि ४ टक्के व्हॅनेडियम बीटा प्रावस्थेला का स्थैर्य देते, हे पाठांतराऐवजी आकलनाचा विषय ठरते. आपल्या अभ्यासक्रमांत नेमकी याचीच उणीव आहे.

तथापि ग्रंथाची मर्यादाही स्पष्ट आहे. त्याचा विषय रूपांतरण आहे. इंजिनाचा सुटा भाग नव्हे. प्रचलित टायटॅनियम मिश्रधातू सुमारे ६०० अंशांपुढे ऑक्सिडीभवन व मंद विरूपण यांमुळे टिकत नाहीत. म्हणूनच जीईएनएक्स इंजिनाच्या कमी दाबाच्या टर्बाइनमधील शेवटच्या पात्यांसाठी निकेल मिश्रधातूच्या सुमारे निम्म्या घनतेचे टायटॅनियम अॅल्युमिनाइड वापरले गेले. दुसरीकडे, १९८९ साली अमेरिकेतील सू सिटी येथे झालेल्या विमान अपघाताचे मूळ टायटॅनियमच्या पंखा-चकतीत धातू वितळविताना राहिलेल्या दोषात होते. त्यात ११२ जणांचा मृत्यू झाला. रचनेचे ज्ञान अचूक असले, तरी वितळण व तपासणी यांतील शिस्तीला पर्याय नाही, हे यातून दिसते.

नागपूरच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. मिहानमध्ये २०१५ साली विमान देखभाल केंद्र सुरू झाले. एअर इंडियाच्या बोइंग ७८७-८ विमानांना जीईएनएक्स हेच इंजिन आहे. येथील पदवीधर अशा केंद्रात नियमपुस्तिकेतील कृती पार पाडू शकेल. परंतु ती कृती तशीच का, हे त्याला उमगण्यासाठी धातूचे आंतरिक शास्त्र आवश्यक आहे. म्हणून सदर ग्रंथ केवळ संदर्भासाठी कपाटात न ठेवता, निर्मितीदोष व तपासणी यांच्या अध्यापनाची जोड देऊन वर्गात आणणे इष्ट ठरेल.