पोकेमॉनची दुरुस्त आवृत्ती आणि खेळाडूंची पहिली मते

एखादे पाठ्यपुस्तक बदलले की पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये जी मते ऐकू येतात, ती बहुधा पुस्तक पुरते वाचण्याआधीची असतात. जुनेच बरे होते, चित्रे मात्र छान आहेत, अमुक धडा का गाळला, अशी. ही मते खोटी असतात असे नाही. पण त्यांत निरीक्षण किती आणि आठवण किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. ते वेगळे काढून पाहण्याची संधी आम्हाला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाली, एका जपानी खेळात.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी पोकेमॉनचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे जोडखेळ आले. खेळाडूने एका मुलाची भूमिका घ्यायची, गवतातून-गुहांतून हिंडायचे, १५१ प्रकारचे प्राणी गोळा करायचे आणि इतरांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. कल्पना त्यातून निघाली. आपल्याकडच्या मुलांना पोकेमॉन ठाऊक झाला तो मुख्यतः दूरचित्रवाणीवरच्या कार्टूनमुळे. मूळ खेळ फार थोड्यांनी पाहिला असेल.

२९ जानेवारी २००४ रोजी हाच खेळ गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी ‘फायररेड’ व ‘लीफग्रीन’ या नावांनी नव्याने बांधून काढण्यात आला. चार छटांचा १६०×१४४ ठिपक्यांचा पडदा जाऊन २४०×१६० ठिपक्यांचा रंगीत पडदा आला. यामागे व्यवहारही होता. २००२ साली आलेले ‘रुबी’ व ‘सॅफायर’ हे खेळ जुन्या यंत्रांवरच्या खेळांना जोडता येत नव्हते, त्यामुळे पहिल्या पिढीतले बरेच प्राणी नव्या यंत्रावर मिळतच नव्हते.

पहिल्या खेळाडूंना रंग आवडले, खेळासोबत मिळालेली बिनतारी जोडणी आवडली. त्याबद्दल जास्त बोलण्यासारखे नाही. पण ‘खेळ सोपा झाला’ हे जे मत पुन्हापुन्हा मांडले गेले, ते तपासण्याजोगे आहे. वय वाढलेल्या माणसाला लहानपणीचा डोंगर टेकडीएवढा दिसतोच. आम्ही दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून खेळलो तेव्हा दिसले की पहिला मोठा प्रतिस्पर्धी ब्रॉक दोन्हींत तेच दोन प्राणी आणतो आणि त्यांच्या पातळ्याही त्याच आहेत, १२ आणि १४. बदलला आहे तो खेळाडूचा चारमँडर. जुन्या खेळात त्याच्याजवळ आग आणि नखे एवढेच होते, आणि दगडावर दोन्हींचा जोर अर्धा पडतो. नव्या खेळात तो तेराव्या पातळीला ‘मेटल क्लॉ’ हा पोलादी घाव शिकतो, आणि पोलाद दगडाला भारी. अतींद्रिय जातीचे प्राणी जुन्या खेळात जवळजवळ अजिंक्य होते. १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’मध्ये ‘पोलाद’ आणि ‘अंधार’ या दोन जाती वाढल्या, साधा ‘बाइट’ हा चावाही अंधार जातीत गेला, आणि ती मक्तेदारी मोडली. तेव्हा या मतात आठवणीचा वाटा असला तरी निरीक्षणही खरे होते. कारण मात्र बहुतेकांनी चुकीचे दिले.

याहून महत्त्वाचे बदल खेळाडूंच्या नजरेतून सुटले. मूळ खेळात १०० टक्के अचूक म्हणून सांगितलेला घावसुद्धा कधीकधी चुकत असे. संगणक ० ते २५५ मधली एक यादृच्छिक संख्या काढी. ती घावाच्या अचूकतेच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर घाव लागे. पूर्ण अचूकतेसाठी आकडा ठेवला होता २५५. आता २५५ ही संख्याच निघाली तर? ती २५५ पेक्षा लहान नाही, म्हणून घाव वाया. ‘पेक्षा लहान’ आणि ‘इतकी किंवा लहान’ यांतला फरक विद्यार्थ्यांना किरकोळ वाटतो. त्यांना हे उदाहरण जरूर द्यावे. २५६ त एकदा म्हणजे साधारण ०.४ टक्के. दोन हजार घाव घालणाऱ्या मुलाला हा अनुभव सरासरीने आठेक वेळा आला असेल, आणि प्रत्येक वेळी त्याने नशिबाला बोल लावला असेल.

दुरुस्त आवृत्तीत १६ बिटांची यादृच्छिक संख्या घेऊन तिला १०० ने भागतात आणि बाकीत एक मिळवून अचूकतेशी ताडतात. शंभर टक्के म्हणजे आता खरोखर शंभर. (इथेही एक बारीक गंमत उरली आहे. ६५,५३६ ला १०० ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ० ते ३५ या बाक्या प्रत्येकी ६५६ वेळा येतात आणि बाकीच्या ६५५ वेळा. नववीचा वर्ग हे दहा मिनिटांत शोधून काढेल.)

वर्मी घावाचेही तसेच. मूळ खेळात त्याची शक्यता प्राण्याच्या मूळ वेगावर अवलंबून होती. चपळ पर्शियनला सुमारे २२ टक्के, सुस्त स्लोपोकला तीनही नाही. नव्यात साधारणपणे सगळ्यांना १६ त एक. ही शक्यता वाढवण्यासाठी असलेली ‘फोकस एनर्जी’ ही युक्ती तर मूळ खेळात आज्ञावलीतल्या चुकीमुळे शक्यता चौपटीने कमी करीत असे! पुस्तिकेवर विश्वास ठेवून ती वापरणारा मुलगा प्रत्येक वेळी स्वतःचेच नुकसान करून घेत होता.

आणि भुते. सॅफ्रन शहरात एक पात्र सांगते की अतींद्रिय प्राणी फक्त भुतांना आणि किड्यांना भितात. हे वाचून मुलाने ‘लिक’ हा भूत जातीचा घाव घालून पाहावा, तर काहीच होत नसे. तक्त्यात जिथे दुप्पट हवे होते तिथे शून्य पडले होते. आम्हाला या प्रकरणात सर्वांत जास्त रस वाटला तो इथे. छापील विधान एक सांगते आणि प्रयोग दुसरेच सांगतो. दहा वर्षांच्या मुलाने कोणाचे ऐकायचे? आमच्या शाळांतल्या प्रयोगवह्यांत याचे उत्तर ठरलेले असते. उत्तर आधी लिहायचे आणि निरीक्षणे मागून जुळवायची. मूळ खेळात मात्र पुस्तकाच्या बाजूने राहणारा मुलगा हरत असे.

दुरुस्तीनंतर विधान आणि वस्तुस्थिती जुळली. हे व्हायलाच हवे होते. चूक ही चूकच, तिचे कौतुक करण्यात अर्थ नाही. आमची तक्रार वेगळी आहे. नव्या आवृत्तीत बाजूचे बटण दाबले की मदत उघडते, शिवाय प्राणी कसा पकडावा हे दाखवणारा ‘टीची टीव्ही’ आहे. अडलेल्याला मदत मिळावी, पण इथे कोण कोणाला भारी हे मुलाने हरून शोधायच्या आत सांगितले जाते. सुरुवातीच्या मतांत याचे कौतुकच जास्त झाले. आम्हाला ते पटत नाही. गाइड हाताशी ठेवून सोडवलेल्या गणितासारखे ते आहे.

गोलबॅटबद्दल मात्र खेळाडू पहिल्या दिवसापासून बरोबर होते. या वटवाघळाचे क्रोबॅटमध्ये रूपांतर होते, हे १९९९ पासून ठाऊक होते. नव्या खेळात रूपांतर सुरू होते, चित्र लुकलुकते, आणि मध्येच थांबते. मुख्य स्पर्धा जिंकून आणि ६० प्रकार पकडून मोठी सूची मिळेपर्यंत हे असेच चालते. जुन्या १५१ मध्ये क्रोबॅट नव्हता, एवढेच कारण. जुन्या आठवणीच्या मानासाठी खेळाने आपलाच नियम स्थगित केला. १/२५६ ची चूक अनवधानाने झाली होती; ही जाणूनबुजून केलेली आहे, आणि म्हणून आम्ही ती जास्त गंभीर मानतो.

राहता राहिला ‘मिसिंगनो’. १९९८ च्या इंग्रजी ‘रेड’ व ‘ब्लू’मध्ये प्राणी पकडून दाखवणारा एक म्हातारा होता. तो दाखवीत असताना खेळाडूचे नाव तात्पुरते हलवले जाई, आणि ते जात असे गवतातल्या प्राण्यांची यादी जिथे असते त्याच जागेत. मग उडत सिनाबार बेटावर जाऊन पूर्व किनाऱ्याला पोहायला लागले की संगणक ती यादी वाची आणि नावातली अक्षरे प्राणी म्हणून समोर येत. मधूनच ठिपक्यांचा एक बेढब ठोकळा येई, तो मिसिंगनो. तो भेटला की पिशवीतल्या सहाव्या वस्तूची संख्या १२८ ने वाढे. १२८ च का, हे द्विमान पद्धत शिकलेल्या विद्यार्थ्याला विचारावे. कोणत्याही पुस्तिकेत नसलेली ही गोष्ट मुलांनी एकमेकांना सांगत सगळीकडे पोचवली.

दुरुस्त आवृत्तीतल्या त्याच किनाऱ्याला आम्ही तासभर फेऱ्या मारल्या. भेटले ते टेंटाकूल.