पदकाची कड

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत लष्करी पदकांवर टीकालेख कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. आमचें उत्तर असें कीं, पदक ही धातूवर लिहिलेली एक छोटीशी रचनाच असते. तिला शीर्षक असतें, चित्र असतें, मजकूर असतो, आणि ज्यानें ती लिहविली त्याचा हेतूही असतो. ताम्रपट वाचतांना दान कोणीं दिलें, कोणास दिलें आणि कशाबद्दल दिलें हें आपण बारकाईनें पाहतों. तीच दृष्टि पदकांकडे वळविली, तर दोन रुपयांएवढ्या चांदीच्या तुकड्यांतून जें हातीं लागतें तें पुष्कळदां जाड ग्रंथांतूनही लागत नाहीं. महाराष्ट्रांतल्या वाचकास तर ह्या विषयाकडे पाठ फिरविण्याची सोयच नाहीं. कारण ब्रिटिश पदकांपैकीं एका प्रसिद्ध पदकावर आपलेंच राज्य बुडाल्याचा वृत्तांत पट्ट्यापट्ट्यांनीं नोंदलेला आहे.

प्रथम संग्राहकांविषयीं. युरोपांत हा छंद जुना आहे. मेयो ह्यांनीं ब्रिटिश लष्कराच्या व आरमाराच्या पदकांवर दोन खंडांचा ग्रंथ १८९७ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९४७ पासून गॉर्डन ह्यांचें पुस्तक संग्राहकांच्या उशाशीं असतें. संग्राहक पदक हातीं घेतो तेव्हां तीन गोष्टी पाहतो. फितीवर चढविलेल्या पट्ट्या कोणत्या लढायांच्या आहेत. पदकाच्या कडेवर नांव कोणाचें आहे. आणि तें नांव मूळचें आहे, कीं जुनें खरवडून तेथें दुसरें घातलें आहे. ह्या शेवटच्या परीक्षेसाठीं तो मापकानें व्यास मोजतो. बहुतेक मोहिमांच्या पदकांचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. एखाद्या ठिकाणीं तो किंचित् कमी भरला, कीं कानशीनें कोणाचें तरी नांव पुसलें गेलें आहे हें समजतें. इतक्या काळजीनें वाचणारा वाचक आमच्या ग्रंथकारांसही क्वचितच लाभतो.

संग्राहकांचे उपकारही मानलेच पाहिजेत. पहिल्या महायुद्धाचें ब्रिटिश युद्धपदक चांदीचें होतें. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव एकाएकी आकाशास भिडला, तेव्हां हीं पदकें मोठ्या संख्येनें मुशींत गेलीं. जीं वांचलीं त्यांतलीं पुष्कळशीं कोणीतरी छंदी माणसानें चांदीहून अधिक किंमत देऊन घेतलीं म्हणूनच वांचलीं. परंतु वांचविणें आणि वाचणें ह्या दोन क्रिया निराळ्या आहेत. संग्राहकाचें वाचन दुर्मिळतेपाशीं थांबतें. टीकाकारानें तेथून पुढें जावयास पाहिजे.

आतां प्रत्यक्ष पदकें पाहूं. १७९९ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टण पडलें, आणि त्या विजयाबद्दल ईस्ट इंडिया कंपनीनें पदक काढलें. त्याच्या एका बाजूस ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघास खालीं दाबून धरीत आहे. दुसऱ्या बाजूस तटावर चढणारें सैन्य असून खालीं फारसी अक्षरांत हिजरी सनाची तारीख आहे. रचना म्हणून हें पदक उत्तम आहे. ठसा ठसठशीत आहे, चित्रांत एकही निरर्थक रेघ नाहीं, आणि जिंकलेल्याच्या लिपींत विजय लिहिण्यांतली खोंचही अचूक आहे. पण ह्या पदकाच्या प्रती पांच प्रकारच्या निघाल्या: सोन्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या, चांदीच्या, ब्राँझच्या आणि कथलाच्या. वरिष्ठांस सोनें, आणि शिपायास कथील. चित्र सर्वांस तेंच. सिंहाचा पराक्रम वांटून दिला तो दर्जाप्रमाणें धातु बदलून. शिवाय कडेवर नांव कोणाचेंच घातलें नव्हतें. म्हणजे खालच्या पायरीवरच्या माणसास ना चांदी मिळाली, ना नांव.

दुसरें पदक आपल्या अधिक जवळचें. १८५१ सालीं ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झालें. त्यावर १७९९–१८२६ असें लिहिलेलें आहे. पण ज्यांसाठीं पट्ट्या दिल्या त्या लढाया १८०३ पासूनच्या आहेत. त्या पट्ट्यांचीं नांवें वाचीत गेलें म्हणजे मराठी माणसाच्या मनाची काय अवस्था होते, तें सांगावयास नको. अलीगड, दिल्ली, असई, लासवारी, अडगांव, गाविलगड. मग १८१७ सालचीं खडकी, पुणें, सीताबर्डी, महिदपूर. आणि १८१८ च्या पहिल्या दिवसाचें कोरेगांव. शाळेंत पाठ केलेल्या आपल्या पराजयांची ही यादी. येथें ती चांदींत ओतून, फिकट निळ्या फितीवर मिरविलेली आहे.

रचना म्हणून हें पदक श्रीरंगपट्टणच्या पदकाहून पुष्कळ हिणकस आहे. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे; वर सांगितलेली प्रत्येक लढाई झाली तेव्हां ही राणी जन्मालाही आली नव्हती, कारण तिचा जन्म १८१९ चा. दुसऱ्या बाजूस विजयदेवता बसलेली, तिच्या हातांत पर्णमाला, मागें ताडाचें झाड आणि शस्त्रांची रास. असई आणि कोरेगांव ह्यांच्यांत कांहीं फरक होता हें ह्या देवतेच्या गांवींही नाहीं. पण ह्याहून मोठा दोष निराळाच आहे. हें पदक १८५१ सालीं जे हयात होते त्यांनाच मिळालें. कोरेगांवास लढलेला शिपाई त्या दिवशीं वीस वर्षांचा असला, तर पदकासाठीं त्यास त्रेपन्न वर्षांचें होईपर्यंत जगणें भाग होतें. असईला लढलेल्याची गोष्ट तर बोलावयासच नको. पदकावर शौर्याचें नांव आहे, पण प्रत्यक्षांत त्यानें गौरविलें तें दीर्घायुष्यास. ह्या पदकाच्या दोन सनांमधली आडवी रेघ कांहीं प्रतींवर आंखूड आहे व कांहींवर लांब आहे, आणि ह्या भेदावरून संग्राहकांत मोठा खल चालतो. त्यांचा खल चालो. आमच्या मनांत येतें तें एवढेंच कीं, त्या रेघेखालीं किती माणसें गाडलीं गेलीं, ह्याचा हिशेब रेघेच्या लांबीवर लागत नाहीं.

येथें आमचे राष्ट्राभिमानी वाचक म्हणतील, “मग असलीं पदकें जपावयाचीं तरी कशाला? परक्यांच्या चाकरीचीं हीं चिन्हें मुशींत गेलीं तरी काय बिघडलें?” हा आक्षेप केवळ भावनेचा नाहीं, त्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यास कोरेगांवचें उदाहरण घेऊन उत्तर दिलें पाहिजे. १ जानेवारी १८१८ रोजीं तेथें कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालीं आठशेंच्या आंतबाहेर माणसें पेशव्यांच्या फौजेशीं दिवसभर झुंजलीं. त्यांतले पुष्कळ शिपाई महार होते. पुढें तेथें जो स्तंभ उभा राहिला त्यावर इंग्रजीबरोबर मराठींतही लेख आहे, आणि पडलेल्यांचीं नांवें आहेत. ज्यांस पेशवाईच्या गांवगाड्यांत माणुसकीनें वागविलें जात नव्हतें, त्यांचीं नांवें येथें दगडावर कोरलीं गेलीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत महारांची लष्करांतील भरती बंद झाली, तेव्हां गोपाळबाबा वलंगकरांनीं १८९४ च्या अर्जांत पूर्वजांच्या ह्याच लष्करी सेवेचा आधार घेतला. १ जानेवारी १९२७ रोजीं सुभेदाराचे पुत्र डॉ. आंबेडकर ह्या स्तंभाशीं गेले. १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हां तिच्या टोपीवरच्या चिन्हांत हा स्तंभ होता.

ह्याचा अर्थ असा कीं, ‘कोरेगांव’ ही एकच पट्टी एका वाचकास राज्य गेल्याची खूण वाटते, आणि दुसऱ्यास आपल्या आजोबाच्या पणजोबास कोणीतरी शूर म्हटल्याचा पहिला लेखी पुरावा वाटते. दोघांचेंही वाचन खरें आहे. पट्टी ओतणाऱ्या टांकसाळीच्या मनांत ह्यांपैकीं एकही अर्थ नव्हता. चांगल्या काव्याप्रमाणें चांदीचा तुकडाही कर्त्याच्या हेतूबाहेर जातो, हें येथें दिसतें. जो तो वितळवूं पाहतो, तो आपला अपमान पुसतां पुसतां दुसऱ्याचा पुरावाही पुसतो. म्हणून आमचें मत स्पष्ट आहे: पदकें जपावीं, मात्र तीं जपतांना त्यांच्या तोंडावर लिहिलेला मजकूर खरा मानूं नये.

हा अविश्वास किती आवश्यक आहे तें पहिल्या महायुद्धाच्या पदकांवरून कळतें. सहाव्या पुणें डिव्हिजनबरोबर १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत गेल्या. कूत येथें वेढा पडला, उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सैन्य शरण गेलें. शरण गेलेल्यांपैकीं पुष्कळ जण कैदेंत मेले. युद्ध संपल्यावर शिपायांच्या नांवें जें दुसरें पदक निघालें तें ‘विजयपदक’. त्यावर पंख पसरलेली विजयदेवता आहे, आणि पाठीमागें, हें महायुद्ध संस्कृतीसाठीं झालें, असा इंग्रजी मजकूर आहे. सातारा, रत्नागिरीकडच्या ज्या घरांत कर्ता मुलगा परत आला नाहीं, तेथें ती पंखवाली बाई आणि तीं अक्षरें कोणीं वाचून दाखविलीं असतील, आणि ऐकणारीस काय वाटलें असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. त्याच युद्धाच्या चांदीच्या पदकाची ब्राँझची एक आवृत्तिही निघाली. ती मजूर-पलटणींतल्या हिंदी, चिनी व माल्टी माणसांसाठीं होती. पूर्वींच्या सरहद्दीवरच्या मोहिमांतही लढणाऱ्यास चांदी आणि पाणी, दारूगोळा, डोल्या वाहणाऱ्यास ब्राँझ, असाच शिरस्ता होता. श्रीरंगपट्टणचें कथील शंभर वर्षांनंतरही गेलें नव्हतें. त्यानें धातु तेवढी बदलली होती.

अशा वेळीं पदकाचा कोणता भाग विश्वासार्ह मानावा? आमच्या मतें, कड. चित्र सरकारचें, मजकूर सरकारचा. कडेवरचें नांव तेवढें माणसाचें. तेंही साहेबाच्या कानांस ऐकूं आलें तसें इंग्रजी अक्षरांत लिहिलेलें, बहुधा बापाच्या नांवावांचून आणि गांवावांचून. नंबर, हुद्दा, नांव, पलटण, बस्स. पण एवढ्या आधारानें एखादें घराणें आपला हरवलेला पूर्वज शोधूं शकतें. पदकाचा दर्शनी भाग हें दरबारी काव्य आहे, आणि कड हा बखरींत चुकून राहिलेला एक खरा शब्द आहे. संग्राहक ती कड भिंगानें वाचतो, पण किंमत ठरविण्यासाठीं. ज्यांनीं ती ओळखीसाठीं वाचावयाची, त्या घरांत मात्र पदक ट्रंकेच्या तळाशीं असतें, किंवा अडचणीच्या प्रसंगीं सराफाच्या ताजव्यांत पडतें. आणि ताजवा नांवाचें वजन करीत नाहीं.

स्वतंत्र भारतानें जीं शौर्यपदकें काढलीं त्यांची ह्याच कसोटीनें परीक्षा केली, तर समाधान वाटतें. राज्यघटनेच्या अठराव्या कलमानें सरकारी किताब बंद केले, पण लष्करी बहुमान ठेवले, आणि २६ जानेवारी १९५० रोजीं परमवीर चक्र स्थापन झालें. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर ह्यांची. ह्या जन्मानें युरोपीय आणि लग्नानें महाराष्ट्रीय. मध्यें राजचिन्ह आणि भोंवतीं इंद्राचीं चार वज्रें, इतकीच योजना. वज्र म्हटलें कीं आपल्या वाचकांस दधीचि ऋषींच्या अस्थि आठवतात. येथें दाबून धरलेला वाघ नाहीं, तुडविलेला शत्रु नाहीं. ज्यानें दिलें त्याच्याकडेच चित्राचें लक्ष आहे. शिवाय धातु एकच, ब्राँझ. शिपायास वेगळी आणि सेनापतीस वेगळी नाहीं. १९४८ सालीं नौशेरा भागांतल्या पराक्रमाबद्दल हें पदक मिळविणारे राम राघोबा राणे हे तें हयातींत मिळालेले पहिले वीर. त्यांस मिळालें तें कोणत्याही सेनाधिकाऱ्यास मिळालें असतें तेंच. दीडशें वर्षांपूर्वींच्या त्या कथलास ह्याहून चांगलें उत्तर देतां आलें नसतें.

शेवटीं संग्राहकांस व गृहस्थांस चार शब्द. संग्राहकांनीं एका माणसाचीं पदकें फोडून निरनिराळीं विकूं नयेत. कवितेचीं कडवीं सुटीं विकल्यासारखें तें होतें. ज्याच्या घरून तीं घेतलीं त्या घरची हकीकत चार ओळींत लिहून घ्यावी. कडेवर नसलेला गांव त्या ओळींत येईल. गृहस्थांनीं चांदी उजळावी म्हणून पदक रांगोळीनें घासूं नये, कारण त्या घासण्यानें नांवही झिजतें. आणि घरांत कोणी वृद्ध माणूस असेल, तर तें पदक त्याच्या हातांत देऊन एकदां विचारावें कीं, हें कोणाचें, आणि तो परत आला का. उत्तर मिळेल तें त्याच दिवशीं कागदावर उतरवून पदकाबरोबर ठेवावें.