मांडवातला परका

गेल्या उन्हाळ्यात मुळशी तालुक्यातील आमच्या गावी पुतणीचे लग्न झाले. पौडजवळच्या टेकडीवर १९९७ साली आंतरराष्ट्रीय महाविद्यालय निघाल्यापासून आमच्याकडच्या मांडवांत एखादा गोरा पाहुणा दिसणे नवलाचे राहिलेले नाही. या खेपेस एक युरोपीय मुलगी आली होती. आम्ही पुरुषमंडळी मांडवाच्या धांदलीत, तर ती पडवीत जात्यापाशी बसलेली. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधून सुवासिनी शकुनाची हळद दळीत होत्या आणि कडेला बसून माझी म्हातारी आत्या ओव्या म्हणत होती. मुलीने मला विचारले, “त्या काय म्हणताहेत?” मी म्हणालो, “जुनी गाणी आहेत.”

मुलांना मराठी शिकवणाऱ्या आणि तीन कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाचे हे उत्तर! ते मला टोचत राहिले, म्हणून परक्यांनी आपली लग्ने कशी पाहिली हे वाचू लागलो.

फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंनी १८३५ साली उत्तरेत कासगंज येथे कर्नल गार्डनर यांच्या नातीचे लग्न पाहिले. ही नात दिल्लीच्या बादशाही घराण्यात दिली होती. बाईंचे प्रवासवर्णन १८५० साली निघाले. बाई असल्यामुळे जनानखान्यात जाता आले आणि नवरीची वस्त्रे, दागिने, विधी त्यांनी बारकाईने टिपले. त्यांची नजर मोठी चौकस. पण नवरीच्या मनात काय चालले होते, हे ते वर्णन वाचून कळत नाही. डोळ्यांना दिसते तेवढेच लग्न!

गी पॉइटवाँ या फ्रेंच गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी वाट धरली. हेमा राईरकर आणि मुळशी-मावळातील कष्टकरी बाया यांच्या साथीने त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक! त्यांत लेकीची पाठवणी आहे, भावाचा आहेर आहे, सासुरवास आहे. पार्क्सबाई पाहत राहिल्या, पॉइटवाँ ऐकत राहिले. आणि माझ्या मते लग्नघर ऐकूनच अधिक कळते. त्याहून महत्त्वाचे असे की, ओव्यांचा अर्थ त्यांनी आपल्या पदरचा लावला नाही. गाणाऱ्या बायांनाच तो विचारला.

तरीही या थोर संग्रहाविषयी एक तक्रार आहे. ओव्या विषयवार लावल्यामुळे पाठवणीच्या ओव्या एका जागी येतात, सासुरवासाच्या दुसऱ्या. गाणारीच्या तोंडी मात्र त्या अशा येत नाहीत. लेकीची हळद दळताना तिला स्वतःची हळद आठवते, तिच्यावरून माहेर, माहेरावरून भाऊ. ही माळ तुटली की मणी हाती राहतात आणि ते कोणी ओवले होते, हे विसरायला होते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पावसाळ्यात आत्याकडे वही घेऊन गेलो आणि ओव्या सांग म्हणालो. तिला एकही आठवेना. “अरे, जात्याबिगर कुठली ओवी?” ती म्हणाली. मग जाते मांडले. समोर बसून मीही खुंटा धरला. चार-पाच फेरे झाले आणि आत्याचा आवाज लागला.

पहिली ओवी पुतणीसाठी नव्हतीच. स्वतःच्या लग्नात जो भाऊ आहेर घेऊन आला नाही, त्याला तिने हाक मारली होती. तो भाऊ म्हणजे माझे वडील. आमच्या घरात या गोष्टीचा उच्चार कधी झाला नव्हता. आत्या मात्र प्रत्येक लग्नात ती गात आली होती आणि आम्ही मांडवात पंगती उठवीत होतो.

माझ्या तिन्ही कादंबऱ्यांत एकेक लग्न आहे. परवा ती पाने पुन्हा वाचली. मांडव आहे, वाजंत्री आहे, आंतरपाट आहे, जेवणाची चव तर फारच आहे. जाते कुठेच नाही. पार्क्सबाईंना दोष देण्याचा मला काय अधिकार? त्या परक्या होत्या, मी घरचा होतो.