कॉल्डरची ‘सर्कस’

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर (१८९८–१९७६) याने १९२६ ते १९३१ या काळात मुख्यत्वे पॅरिसमधील आपल्या स्टुडिओत रचलेली छोटेखानी सर्कस. तार, लाकूड, बूच, कापड अशा किरकोळ वस्तूंपासून त्याने कसरतपटू, सिंह, तलवार गिळणारा इ. घडविले. मित्रमंडळींपुढे जमिनीवर बसून तो त्यांचे खेळ स्वहस्ते करून दाखवी. हा निव्वळ पोरखेळ समजून त्याच्या ‘गंभीर’ शिल्पांपासून वेगळा काढणे योग्य वाटत नाही. कॉल्डरने १९१९ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. झोक्यावरील बाहुली हेलकावे घेताना भार, टेकू व तोल यांचेच प्रश्न त्याच्यापुढे उभे राहात. १९३० मध्ये त्याने पीट मोंद्रिआनच्या स्टुडिओला भेट दिली. तेथील भिंतीवरच्या रंगीत आयतांना गती द्यावी, ही त्याची सूचना मोंद्रिआनला रुचली नाही; कॉल्डर मात्र त्यानंतर अप्रतिरूप रचनांकडे वळला. त्याच्या चल शिल्पांना ‘मोबाइल’ हे नाव १९३१ मध्ये मार्सेल द्यूशाँने सुचविले. आरंभीची काही मोटारीवर चालत, पण त्यांच्या गतीत तोचतोपणा येई. पुढे त्याने बहुशः वाऱ्याच्या झुळुकीवर भिस्त ठेवली. यात दांडी कोठे टांगावी हे काटेकोरपणे ठरे, ती केव्हा व कशी फिरेल हे मात्र मोकळे राही. उत्तरकालीन प्रचंड पोलादी शिल्पांत हा मोकळेपणा बराच ओसरलेला दिसतो. सर्कस न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या संग्रहात आहे. स्थिर मांडलेल्या त्या बाहुल्यांवरून मूळ खेळाची कल्पना येत नाही. त्यासाठी कार्लोस व्हिलार्देबोचा १९६१ चा लघुपटच पाहावा लागतो.